प्रश्नोत्तरे: पावसाळ्यात वाढणारी वाहकता

प्रश्न (रत्नागिरी): लॅन्थनम या धातूच्या हायड्रॉक्साइडची पेलेट (पावडर दाबून केलेली टिकली) ६०० अंशांना भाजली. जानेवारीपेक्षा जुलैत तिची विद्युत वाहकता कितीतरी जास्त येते आणि काही दिवसांत कडा भुसभुशीत होतात. पदार्थ प्रोटॉनवाहक, म्हणजे हायड्रोजनच्या धन आयनांमधून वीज वाहून नेणारा, समजावा का?

उत्तर: एवढ्यावरून नाही. भट्टीतून निघाली ती हायड्रॉक्साइडची पेलेट उरलेलीच नव्हती. ३०० ते ४०० अंशांच्या दरम्यान हे हायड्रॉक्साइड पाणी सोडून ऑक्सिहायड्रॉक्साइड होते, ५००च्या आसपास ऑक्साइड. ते ऑक्साइड आपल्याकडच्या दमट हवेतले पाणी पुन्हा ओढून घेते, घनफळ सुमारे १.७ पट होते, पेलेट फुटते. म्हणून भाजू नका. १ ग्रॅम पावडर १३ मिमीच्या डायमध्ये (साच्यात) ५ टनांवर दाबा आणि ११० अंशांना सुकवा.

अशा पेलेटमध्ये छिद्रे राहतातच. जुलैत त्यांत पाण्याचा पापुद्रा धरतो आणि तुम्ही मोजता ती बहुधा त्याचीच वाहकता. लॅन्थनम नायट्रेटच्या द्रावणातून कॉस्टिक सोड्याने हायड्रॉक्साइडचा साका पाडला असेल तर धुण्यात राहिलेले सोडियम नायट्रेटही त्यात विरघळते. शिवाय किनाऱ्यावरच्या वाऱ्यात मीठ असते. आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की ते हवेतले पाणी ओढून पाझरते. साका धुताना गाळलेल्या पाण्याची वाहकता ऊर्ध्वपातित पाण्याइतकी खाली येईपर्यंत धूत राहा, आणि पेलेट डेसिकेटरमध्येच (ओलावा शोषणारा पदार्थ ठेवलेल्या हवाबंद भांड्यात) ठेवा.

खरी परीक्षा कोरड्या नायट्रोजनमध्ये, १५० अंशांना. दोन्ही बाजूंना सोन्याचा थर द्या आणि १ मेगाहर्ट्झ ते १ हर्ट्झ इम्पीडन्स (प्रत्यावर्ती विजेला होणारा विरोध) घ्या. त्याच्या आलेखातले अर्धवर्तुळ कमी वारंवारतेच्या टोकाला आडव्या अक्षाला मिळते तिथला रोध R. जाडी भागिले (R × क्षेत्रफळ) ही वाहकता. पापुद्रा गेल्यावर जे उरते तेवढेच पदार्थाचे. मग शुद्ध ऑक्साइड जड पाण्यात (ज्यात हायड्रोजनऐवजी त्याच्या दुप्पट जड असे ड्युटेरियम असते) मुरवून तशीच दुसरी पेलेट करा. वाहक प्रोटॉन असतील तर हिची वाहकता कमी येईल, साधारण १.४ पटीपर्यंत. ओल्या पेलेटवर मात्र ही चाचणी फसवते: जड पाणी साध्या पाण्यापेक्षा जास्त चिकट, म्हणजे वाहायला जड, असल्याने त्यात सोडियमचे आयनही मंदावतात.

प्रश्न (मालवण): लॅन्थनम ऑक्साइडची जुनी बाटली चालेल का?

उत्तर: चालेल, पण तशीच तोलू नका, निम्मी पावडर हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट झालेली असू शकते. १००० अंशांना काही तास तापवा, डेसिकेटरमध्ये थंड करा, लगेच तोला. तयार हायड्रॉक्साइडची तपासणीही तराजूवर होते: शुद्ध असेल तर १००० अंशांपर्यंत १४.२ टक्के वजन घटते. ६००च्या पुढेही घट चालूच राहिली तर त्यात कार्बोनेट आहे. अशा वेळी पाणी उकळून, त्यातला कार्बन डायऑक्साइड घालवून, साका पुन्हा पाडा.