एकाच जागी रेडिएशन दिल्यावर शरीरातल्या दुसऱ्या गाठीही कमी होतात का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचा फुफ्फुसाचा कॅन्सर कमरेच्या मणक्यात आणि मानेतल्या गाठींत पसरलाय, पुण्यात मणक्याला लाइट (म्हणजे रेडिएशन) द्यायचं ठरलंय, आणि एका नातेवाइकांनी सांगितलंय की त्यानं मानेतल्या गाठीही विरघळतील.

असं घडतं, पण फार क्वचित. त्यावर भिस्त ठेवू नका. मी पुण्यातच रेडिएशन विभागात मेडिकल फिजिसिस्ट आहे. डोसचं प्लॅनिंग हेच माझं काम, आणि हा प्रश्न मशीनच्या खोलीबाहेर बसलेली माणसं मला वरचेवर विचारतात.

किरण अंगभर फिरत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. आमच्या स्क्रीनवर सीटी स्कॅनच्या चित्रावर डोसच्या रंगीत रेषा उमटतात. मणक्याभोवती त्यांची दाटी असते, थोडं बाहेर गेलं की डोस झपाट्यानं उतरतो. मानेपर्यंत जे पोचतं त्यानं तिथली गाठ मरणं शक्य नाही. म्हणजे मानेतली गाठ कमी झालीच, तर ते काम किरणांचं नसतं, शरीराच्या प्रतिकारशक्तीचं असतं.

ते असं होतं. किरणांनी कॅन्सरच्या पेशी मरताना त्यांच्यातली प्रथिनं आणि धोक्याचे रासायनिक संकेत बाहेर पडतात. प्रतिकारशक्तीच्या डेंड्रायटिक पेशी ती प्रथिनं उचलून लसिकाग्रंथीत नेतात आणि टी-पेशींना, म्हणजे हल्ला करणाऱ्या पेशींना, दाखवतात. ओळख पटलेल्या टी-पेशी मग रक्तातून कुठंही जाऊन तशाच पेशींवर हल्ला करू शकतात. या परिणामाला १९५३ साली आर. एच. मोल यांनी अ‍ॅब्स्कोपल इफेक्ट असं नाव दिलं. २००४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात, रेडिएशनला डेंड्रायटिक पेशी वाढवणाऱ्या औषधाची जोड दिल्यावर लाइट न दिलेली गाठही आटोक्यात राहिली. टी-पेशी नसलेल्या उंदरांत मात्र हा परिणाम दिसलाच नाही.

मग सगळ्यांनाच फायदा का होत नाही? कारण गाठ टी-पेशींना थोपवून धरते. हा अडसर काढणारी औषधं म्हणजे इम्युनोथेरपी. २०१२ मध्ये मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) एका रुग्ण स्त्रीची हकिकत प्रसिद्ध झाली. इपिलिमुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध चालू असताना तिच्या मणक्याजवळच्या गाठीला तीन वेळा मिळून २८.५ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं एकक) डोस दिला, आणि पुढं प्लीहेतल्या गाठीही आकसल्या. साहजिकच खूप आशा वाटली. पण १९६९ ते २०१४ या काळातल्या प्रसिद्ध नोंदी धुंडाळणाऱ्या एका आढाव्यात अशा जेमतेम ४६ केसेस सापडल्या होत्या. पुढच्या चाचण्यांनीही ठाम कौल दिलेला नाही. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या ७६ रुग्णांच्या चाचणीत नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब (हेही इम्युनोथेरपीचं औषध) घेतलेल्यांत १८ टक्के जणांना प्रतिसाद मिळाला, आणि त्याआधी एका गाठीला रेडिएशन दिलेल्यांत ३६ टक्के जणांना, तरी आधी ठरवलेला निकष पूर्ण झाला नाही. डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या ६२ रुग्णांच्या चाचणीत तर इम्युनोथेरपीला रेडिएशनची जोड दिल्यानं काहीच फरक पडला नाही.

म्हणून मला कळकळीनं सांगावंसं वाटतं: मानेतल्या गाठींसाठी जी केमो, गोळ्या किंवा इम्युनोथेरपी सुचवली असेल ती लाइटच्या आशेवर पुढं ढकलू नका. मणक्याचं रेडिएशन दुखणं कमी करायला आणि मज्जारज्जू वाचवायला असतं, आणि त्यासाठी ते खरोखर उपयोगी आहे. पहिले एक-दोन दिवस दुखणं उलट वाढू शकतं, आराम पडायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. अंगावर काढलेल्या शाईच्या खुणा पुसू देऊ नका.

स्टेरॉइडनं प्रतिकारशक्ती दबते असं वाचून काही जण डेक्सामेथासोन परस्पर बंद करतात. तसं करू नका, मज्जारज्जूवरची सूज त्यानंच आवरलेली असते. इम्युनोथेरपी चालू असेल तर स्टेरॉइडचा डोस कधी आणि कसा उतरवायचा हे डॉक्टरांनाच विचारा. आणि वडिलांच्या पायांतली ताकद कमी वाटली, पाय बधिर झाले किंवा लघवी अडली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी, रात्र असली तरी, त्यांना कॅज्युअल्टीत न्या.