एकट्याने बाइकवर उत्तर श्रीलंका: गाडी कोणती घ्यायची आणि डांबर का सोडायचं नाही

तुम्ही विचारलंय: पुण्याहून एकट्यानेच जाऊन श्रीलंकेचा युद्धात होरपळलेला उत्तर भाग, वावुनियापासून जाफनापर्यंत, दहा दिवसांत बाइकवर बघायचा आहे. स्वतःची बुलेट न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? आणि सुरुंगांची भीती कितपत खरी?

बुलेट पुण्यातच राहू द्या. तमिळनाडूतल्या नागपट्टिणमहून जाफनाजवळच्या कांकेसंतुरैला बोट जाते, पण ती माणसं नेते, गाड्या नाही. मालवाहू जहाजाने कोलंबोला पाठवायची तर कार्ने (गाडी तात्पुरती परदेशात नेण्याचं कस्टम्सचं कागदपत्र), त्याची बँक गॅरंटी, बंदरावरचा एजंट हे सगळं आलं. दहा दिवसांसाठी हे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

मुंबईहून कोलंबोला थेट विमान आहे. विमानतळाजवळच्या नेगोम्बोत गाड्या भाड्याने मिळतात. तिथे २५०-४०० सीसीच्या उंच गाड्या पुढे करतील, मोहात पडू नका. १५० ची पल्सर किंवा डिस्कव्हर घ्या. आपल्या चाकणच्या पल्सरी त्या देशात गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे क्लच केबल, ब्रेक शू, प्लग कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात आणि मेकॅनिकला गाडी पाठ असते. मोठ्या गाडीची लिव्हर तुटली तर कोलंबोहून पार्सल येईपर्यंत लॉजवर बसून राहावं लागेल.

गाडी घेताना चेन, दोन्ही टायर आणि हेडलाइट बघा, सगळ्या ओरखड्यांचा व्हिडिओ काढा. रेव्हेन्यू लायसन्स (गाडीचा वार्षिक कर भरल्याचा कागद) आणि विम्याच्या तारखा स्वतः वाचा, कारण पोलीस तेच मागतात. अनामत रोख द्या, पासपोर्ट देऊ नका. हेल्मेट इथूनच न्या. भाड्याच्या हेल्मेटचा पट्टा बहुधा नावालाच असतो.

परवान्याचं काम दोन टप्प्यांत होतं. आधी इथे आंतरराष्ट्रीय परवाना काढायचा: फॉर्म ४-अ, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. पुणेकरांचं आरटीओ संगम पुलाजवळ, पिंपरी-चिंचवडकरांचं वेगळं. तुमच्या मूळ परवान्यावर गिअरच्या दुचाकीची नोंद हवी, नुसती चारचाकीची चालत नाही. दुसरा टप्पा बरेच जण विसरतात: तिथे पोचल्यावर या परवान्याला स्थानिक मान्यता घ्यावी लागते. ती सध्या कुठे मिळते, ते गाडी भाड्याने देणाऱ्याला आधीच विचारून घ्या. ती नसेल तर पोलिसांचं एकवेळ निभावेल, पण अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते. प्रवास विम्यातही दुचाकी आणि सुरुंग-स्फोट वगळलेत का, ते बारीक अक्षरात वाचून घ्या.

हंगामाचं गणित आपल्या उलट आहे. पुण्यात पाऊस कोसळत असतो तेव्हा उत्तर श्रीलंका कोरडी ठणठणीत असते. तिथला पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. फेब्रुवारी-मार्च उत्तम. जून ते ऑगस्ट चालेल, पण मन्नारकडे आडवा वारा हलकी गाडी लेनबाहेर ढकलतो.

रस्ता असा: नेगोम्बो, पुत्तलम, अनुराधपुरा, तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी मेदवच्चियाला ए-९ महामार्ग धरा आणि वावुनिया, किलिनोच्ची, एलिफंट पास करत जाफना. अनुराधपुऱ्याहून हे साधारण दोनशे किलोमीटर. ए-९ गुळगुळीत आणि सरळसोट आहे, आणि धोका तिथेच आहे, कारण डोळा लागतो. खासगी बसवाले समोरून ओव्हरटेक करत येतात तेव्हा आपण कडेला सरकायचं, हक्काची भाषा करायची नाही. संध्याकाळी पाचनंतर गाडी चालवू नका: रस्त्यावर गुरं असतात, आणि वावुनियाच्या दक्षिणेला हत्ती. तिथे पंपाला ‘शेड’ म्हणतात. ए-९ वर ते भरपूर आहेत, पण पूर्व किनाऱ्यावरच्या मुल्लैतीवूकडे आणि परतीच्या ए-३२ रस्त्यावर टाकी अर्धी झाली की भरा.

आता सुरुंग. श्रीलंकेचं लष्कर आणि तमिळ वाघ (एलटीटीई) यांच्यातलं युद्ध मे २००९ मध्ये संपलं, श्रीलंकेने २०१७ च्या डिसेंबरमध्ये सुरुंगबंदीचा ओटावा करार स्वीकारला, बहुतेक जमीन साफ झाली. तरी मुहमालैसारख्या जुन्या आघाडीच्या पट्ट्यात काम वर्षानुवर्षं चाललंय. दोन्ही बाजूंनी सुरुंगांवर सुरुंग पेरले, नकाशे अपुरे, आणि प्लास्टिकच्या सुरुंगात धातू इतका थोडा असतो की यंत्राला तो सापडायला वेळ लागतो. शिवाय पुराच्या पाण्याने तो जागाही बदलतो. वापरातल्या डांबरी रस्त्यावर घाबरण्यासारखं काही नाही. चूक होते ती लघवीला झुडपात शिरताना, पडक्या घराचा फोटो काढताना, सामसूम जागी तंबू ठोकताना. कवटीची लाल पाटी किंवा लाल टोकाच्या खुंट्या दिसल्या की आल्या पावली मागे फिरा. पाटी नाही म्हणजे जमीन साफ, असं मात्र धरू नका. आडवाटेला लागण्याआधी गावात तमिळमध्ये विचारा: ‘कण्णिवेडि इरुक्का?’ म्हणजे सुरुंग आहेत का. ताज्या चाकोऱ्या नसतील तर ती वाट आपली नाही. साइड स्टँडखाली ठेवायला तळहाताएवढी पत्र्याची चकती घ्या, म्हणजे मऊ कडेवर गाडी कलंडत नाही आणि ती उचलायला खाली उतरावं लागत नाही.

मुल्लैतीवूच्या किनाऱ्याकडे वाळू लागते. रोजच्या वापरातल्या वाटेवरही मागच्या चाकातली हवा २८ वरून २२ वर आणा, डांबरावर परतलात की हातपंपाने पुन्हा भरा. १८ च्या खाली नेलीत तर ट्यूबच्या गाडीत टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. एलिफंट पासला मिठागरं आहेत. खारी हवा आणि वन्नीची (जाफन्याच्या दक्षिणेच्या या सगळ्या मुलखाची) लाल धूळ मिळून चेन खातात. दर चारशे किलोमीटरला रॉकेलच्या फडक्याने पुसून ९० नंबरचं गिअर ऑइल थेंब-थेंब सोडा, ढील २५-३० मिलिमीटर ठेवा. सोबत ट्यूब, दोन टायर लिव्हर, क्लच केबल, चेन लॉक, प्लग. बास.

लोकांशी बोलताना एक भान हवं. भारतीय म्हणून कौतुकच होईल, हा समज घेऊन जाऊ नका. आपली शांतिसेना १९८७ ते १९९० तिथे होती आणि ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफना रुग्णालयात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मारल्या गेल्या, हे तिथे कोणी विसरलेलं नाही. पुढे भारताच्या मदतीने हजारो घरं बांधली गेली, तेही लोक सांगतात. ‘तुम्ही कोणाच्या बाजूने होतात’ हा प्रश्न चहाच्या टपरीवर विचारायचा नाही. लष्करी छापाचं जॅकेट घालू नका, छावण्यांचे फोटो नकोत, ड्रोन घरी. १८ मे आणि २७ नोव्हेंबर हे युद्धात गेलेल्यांचे स्मृतिदिन असतात. तेव्हा बंदोबस्त वाढतो आणि लोक आपल्या माणसांसाठी दिवे लावत असतात. कॅमेरा बॅगेत ठेवा.

परतताना ए-३२ ने संगुपिड्डी पुलावरून पूनरीन, मन्नार करा. वर्दळ कमी असते, म्हणून पंक्चर झालं तर मदतही उशिरा येते, सकाळीच निघा. रुग्णवाहिकेचा नंबर १९९०, देशभर चालतो आणि सेवा मोफत आहे. हेल्मेटच्या आत तो आणि तुमचा रक्तगट लिहून ठेवा.