पैसे भरून पेपर छापू नको

पोरी, मेल वाचला तुझा. पैसे भरा, आठ दिवसात संशोधनाचा पेपर छापून देतो असा जो मेसेज तू मला फॉरवर्ड केलास तो डिलीट कर, आठ दिवसात छापणाऱ्यानं पेपर कुणाला वाचायला दिलेलाच नसतो. यूजीसीनं 2025 मध्ये मान्य जर्नलांची केअर यादी पण बंद केली, म्हणजे आता जर्नल चांगलं का वाईट ते आपणच जुने अंक वाचून ठरवायचं.

तुझा बोलीचा विषय लई मोलाचा आहे गं. लातूर-उदगीरकडं माणूस "मी काम केलो" म्हणतो, प्रमाण मराठीत "मी काम केलं". प्रमाण मराठीत क्रियापद कामाशी जुळतं, आपल्या बोलीत बोलणाऱ्याशी. पण शेजारी कन्नड आहे म्हणून असं झालं, एवढं एका ओळीत लिहून मोकळी होऊ नको, रिव्ह्यूअर, म्हणजे पेपर तपासणारा, तिथंच धरणार. कोण बोललं, वय काय, घरात कन्नड किंवा तेलुगू आहे का, हे प्रत्येक वाक्यापुढं लिहून ठेव. आणि बाईला भाकरीचं वाक्य विचारू नको, ती "मी भाकरी खाल्ली" म्हणाली तर ते भाकरीशी जुळलं का तिच्याशी हे कसं कळणार? तिला आंब्याचं विचार, आंबा पुल्लिंगी आहे. विचार म्हणजे थेट नाही, थेट विचारलं की माणसं शाळेतलं मराठी बोलायला लागतात, काल दिवसभर काय काय केलं ते सांगू दे आणि रेकॉर्डिंग चालू ठेव (परवानगी आधी घे).

उदाहरण तीन ओळीत दे, वर बोलीतलं वाक्य, खाली शब्दागणिक फोड, त्याच्याखाली अर्थ. अशी फोड कशी लिहायची त्याचे लाइपझिगचे नियम नेटवर फुकट आहेत.

पाठवायचं कुठं? इंग्रजीत लिहिलंस तर 'इंडियन लिंग्विस्टिक्स', 1931 पासूनचं जर्नल आहे, मराठीत लिहिलंस तर 'भाषा आणि जीवन'. आणि वाचायला 'ग्लोसा' हे भाषाविज्ञानाचं जर्नल घे, 2015 मध्ये 'लिंग्वा' या जर्नलच्या अख्ख्या संपादक मंडळानं प्रकाशकाशी भांडून राजीनामे दिले आणि हे काढलं, का तर संशोधन कुणालाही फुकट वाचता यावं. आपल्या कॉलेजात बसून महागडी जर्नलं कुठून वाचणार आपण, म्हणून मला हे लई मोठं काम वाटतं.

एका वेळी एकाच ठिकाणी पाठव. उत्तराला महिनोन्‌महिने लागतात, रिव्ह्यू आला की प्रत्येक मुद्द्याला वेगळं उत्तर लिही, पटला नाही तर का पटला नाही ते पण लिही. उदगीरला जायच्या आधी तुझी प्रश्नावली मला पाठव, आंब्याची वाक्यं बघतो मी.