वाचकांचे प्रश्न : साइट कुठे ठेवावी आणि मराठी अक्षरं का मोडतात

नोकरी-धंदा सांभाळून हौसेनं साइट बनवणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच प्रकारचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सव मंडळाची साइट मी वर्डप्रेसमध्ये बनवली आहे. दहा-बारा पानं, कार्यक्रमपत्रिका आणि बऱ्याच वर्षांचे फोटो. शेअर्ड होस्टिंग पहिल्या वर्षी स्वस्तात मिळालं, आता नूतनीकरणाचं बिल जवळजवळ चौपट आलंय. शिवाय अनंत चतुर्दशीला, झाँक्यांच्या (सजवलेल्या देखाव्यांच्या मिरवणुकीच्या) रात्री, साइट रडतखडत उघडते. मोठा प्लॅन घ्यावा का? (राजेंद्रनगर, इंदूर)

मोठा प्लॅन घेऊ नका. तुमची पानं वर्षातून चार वेळा बदलतात, पण वर्डप्रेस प्रत्येक पाहुण्यासाठी पीएचपी (पान बनवणारा कोड) चालवून, डेटाबेसला विचारून तेच पान नव्यानं तयार करतं. झाँक्यांच्या रात्री शेकडो लोक एकदम आले की शेअर्ड सर्व्हरवर तुमच्या वाट्याला आलेला प्रोसेसर तिथेच गुदमरतो. पानं एकदाच तयार करून साध्या एचटीएमएल फायली म्हणून ठेवल्या, तर हे कामच उरत नाही. अशा स्टॅटिक साइटसाठी गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेसची फुकट योजना पुरते. गिटहबवर साइट १ जीबीच्या आत ठेवावी लागते आणि महिन्याला सुमारे १०० जीबी वाहतुकीची मर्यादा आहे. क्लाउडफ्लेअरवर २०,००० फायली चालतात, मात्र कोणतीही एक फाइल २५ एमबीपेक्षा मोठी चालत नाही. गिटहबच्या फुकट खात्यात पेजेससाठी रिपॉझिटरी (फायलींचं भांडार) सार्वजनिक ठेवावी लागते, हे कायम ध्यानात ठेवा. वर्गणीदारांची यादी फोन नंबरांसकट एकदा चढवली आणि मग पुसली, तरी ती जुन्या नोंदींमध्ये राहते.

खरं काम फोटोंचं आहे. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा, ३ ते ५ एमबीचा असतो. असे वीस फोटो एका पानावर टाकले की पान ६०-१०० एमबीचं झालं. कोणतंही होस्टिंग हे वजन हलकं करणार नाही. रुंदी १६०० ठिपक्यांवर आणा, वेबपी स्वरूपात ७५ च्या आसपास गुणवत्तेनं साठवा, म्हणजे बहुतेक फोटो ३०० केबीच्या आत येतात. यादीच्या पानावर ४०० ठिपक्यांच्या छोट्या प्रती लावा. इमेजमॅजिकची मोग्रिफाय आज्ञा वापरणार असाल तर आधी पूर्ण फोल्डरची प्रत काढा, कारण वेगळं काही सांगितलं नाही तर ती मूळ फाइलवरच लिहिते. फोटोतली छुपी माहिती काढताना ऑटो-ओरिएंटचा पर्याय आधी द्या. फोटो उभा की आडवा ही नोंद त्या छुप्या माहितीतच असते, ती आधी गेली तर उभे फोटो आडवे पडतात. पण माहिती काढाच. घरच्या गौरींच्या फोटोत त्या घराचे अक्षांश-रेखांश असू शकतात, आणि ते जगाला वाटायचं काही कारण नाही. प्रत्येक चित्राच्या टॅगमध्ये रुंदी-उंची लिहा, नाहीतर फोटो उतरेपर्यंत मजकूर वरखाली उड्या मारतो.

हलवण्याआधी डोमेन कोणाच्या ताब्यात आहे ते तपासा. होस्टिंगसोबत ‘फुकट’ मिळालेलं डोमेन कित्येकदा कंपनीच्या किंवा साइट बनवून देणाऱ्याच्या खात्यात असतं. होस्टिंग भाड्याचं आहे, उद्या बदलता येईल. नाव मात्र मंडळाचंच हवं आणि खात्यातला ईमेलही मंडळाचा, गेल्या वर्षीच्या सचिवांचा नव्हे. कॉम, ऑर्गसारखं डोमेन नुकतंच घेतलं किंवा दुसरीकडून आणलं असेल, तर पुन्हा हलवायला साधारण ६० दिवस थांबावं लागतं, तेव्हा हे काम श्रावणात काढू नका.

हलवायच्या आदल्या दिवशी डीएनएस नोंदींचा (डोमेनचं नाव कोणत्या सर्व्हरकडे जातं ते सांगणाऱ्या) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायची तो काळ, ३०० सेकंदांवर आणा. जुनं होस्टिंग निदान आठवडाभर चालू ठेवा. नेमसर्व्हरच (या नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदलणार असाल तर मेलसाठी लागणाऱ्या एमएक्स आणि टीएक्सटी नोंदी उतरवून घ्या, नाहीतर साइट छान चालते आणि मंडळाची मेल बंद पडते. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि न लावून, दोन्ही पत्ते उघडून पाहा. ब्राउझरमधल्या कुलपाचं, म्हणजे सुरक्षित जोडणीचं, प्रमाणपत्र मिळत नसेल तर बहुधा जुन्या सर्व्हरची क्वाड-ए नोंद (आयपीव्ही-६ या नव्या पद्धतीचा पत्ता) तशीच राहिलेली असते. लेट्स एन्क्रिप्ट (फुकट प्रमाणपत्र देणारी संस्था) आधी आयपीव्ही-६ नं जाऊन बघतं, तिथे जुनंच घर सापडतं आणि तपासणी फसते. ती नोंद काढा. सीएए नोंदीत (प्रमाणपत्र कोणी द्यावं ते सांगणाऱ्या) दुसऱ्याच संस्थेचं नाव असेल तरीही हाच अनुभव येतो.

वर्डप्रेस कधी ठेवावं? चार-पाच जण दर आठवड्याला फोनवरून मजकूर टाकत असतील तेव्हा. त्यांना गिट (गिटहबवर फायली चढवायचं साधन) शिकवत बसू नये. मग मुंबईतला सर्व्हर मागा. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत एक जा-ये २०० मिलिसेकंदांच्या पुढे जाते. जोडणी, कूटबद्धता आणि पानाची मागणी अशा किमान तीन जा-ये धरल्या, तर पहिलं अक्षर येण्याआधीच अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ गेलेला असतो. भाव विचारताना दुसऱ्या वर्षाचा विचारा, त्यात १८ टक्के जीएसटी धरा, आणि ‘अमर्याद’ जागेच्या खाली आयनोडची, म्हणजे एकूण फायलींच्या संख्येची, मर्यादा किती लिहिली आहे ते वाचा. छोट्या फोटोंच्या हजारो प्रती तिथेच अडकतात.

प्रश्न : कवितांची साइट नव्या होस्टिंगवर नेली. काही पानांवर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात, काहींवर विचित्र युरोपी अक्षरं. दुरुस्त होईल का? (देवास)

आधी एक करा : नव्या साइटवर कोणतंही पान उघडून ‘सेव्ह’ करू नका. तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत.

‘मराठी’ हा शब्द घ्या. त्यात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं साठवली जातात, आणि यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची आजची नेहमीची पद्धत) मध्ये प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण पंधरा. वाचणाऱ्यानं ते लॅटिन-१ (युरोपी भाषांचा जुना अक्षरसंच) समजून वाचले तर पंधरा विचित्र अक्षरं तयार होतात, त्यातली काही दिसतही नाहीत. इथे बाइट शाबूत आहेत, मजकूर परत मिळतो. पण ‘मराठी’च्या जागी मोजून पाच प्रश्नचिन्हं असतील आणि डेटाबेसमध्येही तीच असतील, तर यूटीएफ-८ चं लॅटिन-१ मध्ये रूपांतर होऊन गेलं आहे. ज्या चिन्हाला जागा सापडली नाही तिथे प्रश्नचिन्ह बसलं आणि मूळ अक्षर गेलं. त्या पानांसाठी जुन्या सर्व्हरवरची प्रतच लागेल. जुनं होस्टिंग अजून बंद केलं नसेल तर आजच डंप, म्हणजे डेटाबेसची पूर्ण प्रत, काढा.

तो डंप यूटीएफ-८ एमबी-४ (चार बाइटांपर्यंतचा पूर्ण यूटीएफ-८) हा अक्षरसंच सांगून काढा आणि साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. मराठी नीट वाचता आली तर तसाच आयात करा. तिथेही विचित्र अक्षरं दिसली, तर जुनी टेबलं लॅटिन-१ म्हणून जाहीर केलेली आणि आत यूटीएफ-८ चे बाइट भरलेले, असा प्रकार आहे. जुन्या वर्डप्रेसमध्ये हा नेहमी सापडतो. मग लॅटिन-१ सांगून पुन्हा डंप काढा, म्हणजे रूपांतर न होता बाइट जसेच्या तसे बाहेर येतील. फाइलच्या सुरुवातीची ‘सेट नेम्स’ ही ओळ आणि टेबलांचा अक्षरसंच यूटीएफ-८ एमबी-४ करा आणि नव्या, रिकाम्या डेटाबेसमध्ये घाला. ही फाइल एक्सेलमध्ये उघडू नका.

मायएसक्यूएलमधला (वर्डप्रेसच्या डेटाबेसमधला) नुसता ‘यूटीएफ-८’ तीन बाइटांपुरताच आहे. मराठीला तो पुरतो, म्हणून वर्षानुवर्षं काही कळत नाही. मग कोणी प्रतिक्रियेत इमोजी टाकतं. इमोजीला चार बाइट लागतात, त्यामुळे नोंद नाकारली जाते किंवा इमोजीपासून पुढचा मजकूर कापला जातो. एमबी-४ करताना जुन्या मायएसक्यूएलवर इंडेक्सची (शोधसूचीची) लांबी जास्त झाल्याचा दोष आला तर २५५ अक्षरांऐवजी १९१ करा. तिथली मर्यादा ७६७ बाइटांची आहे आणि प्रत्येक अक्षराला चार बाइट धरले जातात.

प्रश्न : साइटवर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. आणि शोधात ‘दुसऱ्या’ टाकलं तर निम्मेच लेख सापडतात. (तिलकनगर, इंदूर)

अक्षरांच्या वळणासाठी पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा मराठी, म्हणजे ‘एमआर’, लिहा. आपल्या भागात तयार टेम्प्लेटमध्ये बहुधा हिंदीचा ‘एचआय’ असतो. नोटो सान्स देवनागरीसारखे टंक ही खूण पाहून मराठी ल आणि श काढतात. सगळ्याच टंकांत ती सोय नसते. तिरो देवनागरी मराठी हा टंक मुळातच मराठी वळणाचा आहे, मोठ्या लेखांना तो फार शोभतो. टंक स्वतःच्या सर्व्हरवर ठेवताना लोक फाइल लहान करण्यासाठी फक्त देवनागरीचा पट्टा ठेवतात आणि दोन अदृश्य जोडचिन्हं (झीरो विड्थ जॉइनर आणि नॉन-जॉइनर), रुपयाचं चिन्ह व अवतरणचिन्हं बाहेर राहतात. ती आठवणीनं घाला. मथळ्यांना लेटर-स्पेसिंग देऊ नका, शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर १.६ च्या आसपास ठेवा, फार कमी केलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात.

शोधाचं कारण वेगळं आहे. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो : नुक्ता असलेला ऱ अधिक हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर. ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’ डोळ्यांना एकच दिसतात, संगणकाला ते दोन शब्द आहेत. युनिकोडचं नेहमीचं एनएफसी सामान्यीकरण (एकच अक्षर लिहायचे वेगळे प्रकार एकसारखे करणं) हे दोन एक करत नाही. म्हणून लेख साठवताना आणि शोधाचा शब्द घेताना, दोन्ही ठिकाणी, दुसऱ्या प्रकाराचं पहिल्यात रूपांतर करणारी एक ओळ लिहा. अदृश्य चिन्हं सरसकट पुसून टाकणारं प्लगइन असेल तर ते आधी बंद करा. जॉइनर गेला की ‘दुसर्‍या’चं ‘दुसर्या’ होतं, रफार वर जाऊन बसतो, आणि मराठी वाचणाऱ्याला ते लगेच खटकतं.

प्रश्न : घरी रास्पबेरी पाय ४ (हातात मावणारा छोटा संगणक) वर साइट ठेवली आहे. घरच्या वायफायवर उघडते, बाहेरून नाही. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड (बाहेरची विनंती आतल्या संगणकाकडे पाठवणं) केलं आहे. (सुखलिया, इंदूर)

राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे कंपनीनं राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो १०० नं सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो आणि बाहेरची विनंती तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही, तुमचं पोर्ट फॉरवर्डिंग बरोबर असलं तरी. कंपनीकडून पैसे भरून स्थिर आयपी घ्या, किंवा क्लाउडफ्लेअर टनेल वापरा. टनेलमध्ये जोडणी घरातून बाहेर जाते, त्यामुळे पोर्ट उघडावंच लागत नाही. आमचा कौल टनेलला.

पायला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा चांगला अडॅप्टर द्या. साध्या मोबाइल चार्जरवर व्होल्टेज पडतं आणि पाय मध्येच थबकतो. पावसाळ्यात वीज झपकन गेली की मेमरी कार्डवर चालू असलेलं लिखाण अर्धवट राहतं आणि कार्ड खराब होतं, म्हणून यूएसबीवर एसएसडी लावा आणि पायसोबत राउटरही यूपीएसवर घ्या. शिकण्यासाठी ही मांडणी फार चांगली आहे. दुसऱ्यांची साइट मात्र यावर ठेवू नका.

प्रश्न : संपर्काच्या फॉर्ममधून येणाऱ्या मेल स्पॅममध्ये जातात किंवा येतच नाहीत. (उज्जैन)

फॉर्म बहुधा पाठवणारा म्हणून पाहुण्याचाच पत्ता लावतो. तुमचा सर्व्हर जीमेलच्या नावानं मेल पाठवतो आहे, असं समोरच्याला दिसतं, आणि ती अडवणं योग्यच आहे. ‘फ्रॉम’मध्ये तुमच्या डोमेनचा पत्ता आणि ‘रिप्लाय-टू’मध्ये पाहुण्याचा ठेवा. एसपीएफची (तुमच्या नावानं कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्या यादीची) टीएक्सटी नोंद डोमेनला एकच असावी. दुसरी सेवा घेतली की लोक दुसरी नोंद घालतात आणि दोन्ही निकामी होतात; जुन्या नोंदीतच भर घाला. नोंदीत दहापेक्षा जास्त डीएनएस चौकश्या लागल्या तरी ती बाद होते. डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) चालू करा. मग स्वतःच्या जीमेलवर मेल मागवून ‘शो ओरिजिनल’ उघडा. एसपीएफ आणि डीकेआयएम दोन्हींपुढे ‘पास’ दिसायला हवं.

प्रश्न : ‘डॉट भारत’ नाव घ्यावं का? (महू)

घ्या, पण दुसरं नाव म्हणून. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं. ब्राउझरमध्ये ते नीट चालतं, मात्र बरेच ऑनलाइन फॉर्म त्या नावाचा ईमेल पत्ता चुकीचा ठरवतात. मुख्य साइट आणि मेल डॉट इनवर ठेवा, मराठी नावावरून तिकडे ३०१ नं (कायमचं वळवून) पाठवा. प्रमाणपत्र दोन्ही नावांचं घ्या, नाहीतर पुढे पाठवण्याआधीच ब्राउझर धोक्याची पाटी दाखवतो. मंडळाच्या पत्रकावर दोन्ही पत्ते छापा.