'यशस्वी हो' लिहू की 'सफल हो'?

ताई, तुमचा प्रश्न असा आहे की शाळेचं नवीन वर्ष सुरू होतंय, मुलीच्या वहीच्या पहिल्या पानावर 'यशस्वी हो' लिहावं की 'सफल हो', आणि यशाकडे बघायचा बॅलन्स्ड दृष्टिकोन म्हणतात त्याला मराठीत नेमका शब्द कोणता.

सफलचं आधी सांगते कारण ते सोपं आहे. सफल म्हणजे फळासकट, स अधिक फल. मराठीत सफल होते ती इच्छा, सफल होतो तो जन्म, कहाणीसुद्धा सुफळ संपूर्ण होते, पण माणूस सफल झाला असं आपण सहसा म्हणत नाही, ती हिंदीची सवय आहे. त्यामुळे 'सफल हो' मला तरी कानाला मराठी वाटत नाही.

यशाची गोष्ट मात्र फार मजेदार आहे. संस्कृतात यशस् म्हणजे कीर्ती, नावलौकिक. गीतेत अकराव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला म्हणतो 'यशो लभस्व जित्वा शत्रून्', म्हणजे शत्रूंना जिंकणं वेगळं सांगितलंय आणि यश वेगळं, कारण तिथे यश म्हणजे जिंकल्यावर होणारं नाव. अपयशसुद्धा मुळात बदनामी, दुष्कीर्ती. हिंदीत यशचा अर्थ अजून कीर्तीच आहे, सक्सेसला ते सफलता म्हणतात. मराठीत तो शब्द सरकत सरकत 'हातात घेतलेलं काम साधणं' इथे आला आणि अपयश म्हणजे काम न साधणं. तरी लोक काय म्हणतील ही जुनी कीर्ती-बदनामीची सावली त्या शब्दात थोडी उरलीये असं मला वाटतं, निकालाच्या दिवशी ती लगेच जाणवते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मराठीत यश 'येतं'. प्रयत्नांना यश आलं, शोधाला यश आलं, एखाद्या डॉक्टरच्या हाताला यश आहे. म्हणजे यश माणसाला चिकटत नाही, त्याच्या कामाला, प्रयत्नाला, हाताला येऊन मिळतं. अपयशही येतं, जसा ताप येतो, राग येतो, झोप येते, आणि जे येतं ते जातंही हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही, क्रियापदातच आहे ते. पण त्याचंच विशेषण केलं, यशस्वी किंवा अपयशी, की ते थेट मुलाच्या अंगावर बसतं. 'गणितात अपयश आलं' आणि 'तो अपयशी आहे' ही दोन वाक्यं मुलाच्या कानावर एकसारखी पडत नाहीत हो. नापासचंही तेच, फारसी ना आणि इंग्रजी पास असा जोडलेला शब्द, 'नापास झाला' इथपर्यंत ठीक, ती घडलेली गोष्ट आहे, पण त्याचा 'नापास मुलगा' झाला की शिक्का बसला. माझा भाचा एकदा रडत म्हणाला होता मावशी मी नापास आहे, झालो नाही म्हणाला, आहे म्हणाला, ते मी अजून विसरलेली नाही.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर लिहिलं असतं, 'तुझ्या प्रयत्नांना यश येवो'. 'यशस्वी हो' चुकीचं अजिबात नाही, पण हे जास्त मराठी आहे आणि माझ्या मते जास्त मायेचं.

बॅलन्स्डला समतोल म्हणा, 'यशाकडे समतोल नजरेने पाहणं'. संतुलित पण चालेल. पण गंमत बघा, तोल, समतोल, संतुलित आणि तुलना हे सगळे एकाच तुल् धातूचे, मूळ अर्थ उचलून वजन करणं, त्यावरूनच तुला म्हणजे तराजू. म्हणजे तराजू तोच आहे. दोन पारड्यांत दोन मुलं बसवली की ती तुलना होते, आणि एकाच मुलीचा अभ्यास, खेळ, झोप, मैत्रिणी हे नीट मांडलं की तोल साधतो. गीतेतच दुसऱ्या अध्यायात सिद्धी आणि असिद्धी दोन्हीत सम राहण्याला समत्व म्हटलंय, पण वहीत समत्व लिहिलं तर मुलीला ते जड जाईल, समतोल बरा.

परीक्षेचंही सांगूनच टाकते, परि अधिक ईक्ष्, चहूबाजूंनी पाहणं. एकाच बाजूने पाहिलं, फक्त मार्क पाहिले, तर शब्दाच्या अर्थाने ती परीक्षा पुरी झालीच नाही. अपेक्षा आणि उपेक्षा हे दोघे पण ह्याच ईक्ष् चे, एकात डोळे लावून वाट बघणं आणि दुसऱ्यात बघूनही न बघणं.

आणि हो, तुम्ही प्रश्नात एका ठिकाणी 'यशश्वी' टाइप केलंय ते वहीत तसं नका लिहू, यशस् ला विन् प्रत्यय लागून यशस्वी होतं, तेजस्वी तपस्वी सारखंच, आणि त्याच स् मुळे यशगाथा नाही तर यशोगाथा.