परत पहिल्यापासून टेन्सेस?

"मॅडम, माझं ग्रामरच कच्चं आहे. परत पहिल्यापासून करू काय?"

बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही बोलायला गेले की हा प्रश्न येतोच. विचारणारे नवशिके नसतात. मराठी माध्यमातून पदवीपर्यंत आलेले, इंग्रजी वाचून समजणारे, मेल कसाबसा लिहिणारे. फोन वाजला की मात्र घशाला कोरड. त्यांच्यासाठी हा एक अनुभव, ओळख पटू नये इतके तपशील बदलून.

ती 26 वर्षांची, खानापूर तालुक्यातून रोज बसनं बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागात येणारी. कारखान्याच्या हिशेब विभागात होती. परराज्यातल्या गिऱ्हाइकांचे फोन तिच्याकडे आले आणि झोप उडाली. पहिल्याच भेटीत तिनं चार वह्या टेबलावर ठेवल्या. सुबक अक्षर, लाल शाईचे मथळे. चारही वह्या टेन्सेसपासून सुरू होत होत्या आणि पॅसिव्ह व्हॉइसच्या आसपास थांबत होत्या. पुढं कोरी पानं.

"पाचवी घेतलीस काय?"

"होय," ती खाली बघत म्हणाली.

तिथंच मला कळलं की ही मुलगी कच्ची नाही, घाबरलेली आहे. वहीत कोणी ऐकत नाही, हसत नाही. पहिल्या धड्यावर परत जाणं हा तिचा आसरा होता.

"कन्नड येतं?" मी विचारलं.

"बाजारापुरतं येतं की."

"कुठल्या वहीतनं शिकलीस?"

ती गप्प झाली. पण म्हणून व्याकरण सोडून दे, असं मी म्हटलं नाही, कोणालाच म्हणत नाही. कन्नड तिच्या कानावर लहानपणापासून पडत होतं, इंग्रजी तसं पडत नाही. उजळणी हवीच, पण वेगळी.

चौथ्या भेटीत ती एक वाक्य घेऊन आली. फोनवर बोलून गेली होती, 'आय हॅव मेट हिम यस्टरडे.' मी वही मिटायला लावली.

"काल साहेबांना भेटलीस, ते आईला कसं सांगशील?"

"काल भेटलो की." (आमच्याकडच्या मुली असंच बोलतात.)

"आणि आई म्हणाली, एकदा साहेबांना भेटून घे, तर?"

"भेटलोय की!"

"आता 'काल भेटलोय' म्हणून बघ."

ती ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणाली. "कानाला बरं लागत नाही." मग एकदम, "म्हणजे यस्टरडे आलं की हॅव नको!"

हा नियम तिच्या चारही वह्यांत होता. त्या दिवशी तो तिला तिच्याच बोलीत सापडला. इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच येतात. घरची भाषा ही इंग्रजीच्या वाटेतली धोंड नसून पहिली पायरी आहे, हे माझं मत त्या दिवशी पक्कं झालं.

मराठी कधीकधी फसवतेही. 'पाच वर्षं काम करतोय' यावरून आपण 'आय अ‍ॅम वर्किंग सिन्स फाइव्ह इयर्स' म्हणतो. हवं असतं 'आय हॅव बीन वर्किंग फॉर फाइव्ह इयर्स'. उजळणी अशा निसरड्या जागांची करा, सगळ्या पुस्तकाची नको.

आणि ही उजळणी वही मिटून करा. पाठ केलेलं सुरुवातीलाच सर्वांत वेगानं विसरतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. 2006 मध्ये अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत परत वाचणारे पुढं होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढं गेले. परत वाचल्यावर 'येतंय' असं वाटतं, तो भास तेवढ्यापुरता. म्हणून आज शिकलेलं उद्या आठवा, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं. अडलं तरच वही उघडा.

शब्दांचंही तसंच. रोज दहा अवघड शब्द घोकू नका. आधीच येत असलेल्या शब्दाचा जोडीदार शिका. चुकीला 'मेक' लागतं, गृहपाठाला 'डू'. 'डिस्कस'पुढं 'अबाउट' लागत नाही.

दोन महिन्यांनी ती आली ती पाचवी वही घेऊन. टेन्सेस नव्हतेच. पानागणिक त्या दिवसाचा एक फोन, रात्री आठवून लिहिलेला. अक्षर घाईचं, खाडाखोड भरपूर. शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाली, "हा फोन मीच लावला, मॅडम."