कुत्र्याच्या दातांच्या क्लीनिंगला ८ हजार, द्यावेत का?

निपाणीहून विचारलंय तुम्ही की सहा वर्षांच्या पॉमेरेनियनच्या तोंडाला वास मारतोय आणि डॉक्टर स्केलिंगला (यंत्रानं दातांवरचं घट्ट कीटण काढायला) ८ हजार म्हणतायत, हे लुटणं आहे काय. लुटणं नाही ओ, पण कशाकशाचे ८ हजार ते आधी विचारून घ्या.

मी बेळगावात टिळकवाडीला असते, आमच्या डॅशंडचं मागच्या वर्षी केलं, बिल साडेसात हजारच्या आसपास झालं आणि त्यात दात साफ करायचे म्हणून असे थोडेच होते, बाकी सगळं भूल, सलाईन, आधीची रक्ततपासणी (लिव्हर किडनी बघतात, भूल झेपेल का म्हणून) आणि एक दाढ काढावी लागली तिचे. कुत्रं काय आपल्यागत आ करून बसत नाही, त्यामुळं पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेत ट्यूब घालतात, नाहीतर स्केलरचं पाणी आणि सुटलेली घाण थेट फुप्फुसात जायची.

आणि खरं काम हिरडीच्या खाली असतं की. आमच्या डॉक्टरांनी मध्येच व्हॉट्सॅपवर फोटो पाठवला, वरच्या मोठ्या दाढेशी बारीक सळई हिरडीत ६ मिलिमीटर आत गेलेली, चांगल्या हिरडीत ३ च्या वर जात नाही म्हणे, आणि ती दाढ बाहेरनं एकदम झकास दिसायची! म्हणून बिनभुलीचं, आंघोळ-कटिंगसोबत हजार-दीड हजारात दात खरवडून देतात ना, ते मला अजिबात पटत नाही. दात पांढरे दिसतात, आपण खूश, आणि हाड पोखरणारा मळ आत तसाच. वर पॉलिशिंग नाही केलं तर खरबरीत दातावर कीटण उलट लवकर धरतं.

डोळ्याखाली सूज आली असली तर मात्र थांबूच नका, त्या मोठ्या दाढेची मुळं बरोबर तिथंच येतात.

नुसतं जरासं पिवळं असेल, हिरड्या गुलाबी असतील, रक्त येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवून आधी घरी ब्रश चालू करा. पण रोज हं, मळाचं दोन-तीन दिवसांत कीटण होतंय, रविवारी एकदा घासून काय उपयोग नाही. आपली पेस्ट नको, कुत्रं थुंकत नाही, गिळतं, आणि पेस्टमध्ये झायलिटॉल (गोडीसाठी घालतात ते) असलं तर ते कुत्र्याला विषच. मटणाची नळी दात साफ करते म्हणून देणारे आमच्याकडंही आहेत, त्यानं दात तुटतात. छोट्या जातींना हा त्रास जास्तच, एवढ्याशा जबड्यात ४२ दात दाटीवाटीनं बसवलेले.

(कुणाकडं मुधोळ असेल तर भुलीआधी डॉक्टरांना जात मुद्दाम सांगा, असल्या सडपातळ शिकारी कुत्र्यांना भुलीची काही औषधं उतरायला फार वेळ लागतो.)

तुमच्या पॉमला वास येतोय म्हणजे आत कायतरी आहेच बहुतेक, तेव्हा मी असते तर केलं असतं. फोन करून एवढंच विचारा, ट्यूब घालता काय, हिरडीखालचं काढता काय, पॉलिश करता काय, रक्त आधी तपासता काय, आणि दात काढायला लागला तर त्याचे वेगळे किती. यातल्या अर्ध्याला टाळाटाळ केली तर निपाणीपासनं कोल्हापूर जवळच पडतंय, तिथं विचारून बघा.